पशुपालन प्रश्नोत्तरे : कळपात नर कोणता ठेवायचा?

देशी जनावरांच्या पैदाशीबद्दल बरीच पत्रे साठली होती. बहुतेकांनी चारा, गोठा आणि औषधांबद्दल विचारले आहे, नराबद्दल फार थोड्यांनी. पण वीस शेळ्यांच्या कळपात दरवर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक करडाचे अर्धे रक्त एकाच बोकडाचे असते, आणि तोच बोकड बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी विचार करून ठेवला जातो. म्हणून या वेळी त्या अंगाने आलेले प्रश्न आधी घेतले आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २२ उस्मानाबादी शेळ्या आहेत. चार वर्षांपूर्वी कळपातच जन्मलेला बोकड ठेवला, तोच अजून चालू आहे. अलीकडे करडे दीड किलोचीच जन्मतात, दोन करडांचा खालचा जबडा आखूड निघाला, काही पाठी (तरुण शेळ्या) दोन-तीनदा उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. खुराक पूर्वीइतकाच आहे. बोकड बदलावा का? (औसा, जि. लातूर)

बोकड बदलावाच लागेल, पण आधी एक गोष्ट तपासा. पोटातल्या करडाची सुमारे ७० टक्के वाढ गाभणकाळाच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. त्या काळात शेळी नुसत्या कडब्यावर राहिली तर बोकड कितीही चांगला असो, करडू लहानच येते. दोष खुराकाचा की नात्याचा, हे तुमच्याच कळपात कळेल. बाहेरून आणलेल्या शेळ्यांची करडे आणि या बोकडाच्या लेकींची करडे जन्मल्यावर वेगवेगळी तोला. एकटे करडू एकट्याशी, जुळे जुळ्यांशी ताडून पाहा. दोन्हीकडची हलकी भरली तर खुराक सुधारा. बाहेरच्या शेळ्यांची सव्वादोन किलोची आणि लेकींची दीड किलोची भरली, तर नात्यातील पैदास हेच कारण. आखूड जबडा आणि उलटणाऱ्या पाठी पाहता आम्हाला तेच दिसते आहे. तरी उलटणाऱ्या पाठींची पशुवैद्यकाकडून ब्रुसेलासाठी रक्ततपासणी करून घ्या, कारण तो रोग माणसालाही होतो.

बाप-लेकीच्या किंवा आई-मुलाच्या संबंधातून झालेल्या करडात नात्याचे प्रमाण २५ टक्के येते. सावत्र भावंडांत ते साडेबारा टक्के असते. लपून असलेले दोष मग जोडीने समोर येतात. जबडा आखूड असलेली करडे पैदाशीला ठेवू नका, आणि ती ज्या शेळ्यांना झाली त्यांच्याही पाठी ठेवू नका.

बाहेरचे रक्त न आणता कळप चालवला तर नाते किती वेगाने वाढते, हे साध्या गणिताने काढता येते. नर गुणिले माद्या, त्याच्या चौपट करा आणि नर-माद्यांच्या एकूण संख्येने भागा. एक बोकड आणि २२ शेळ्या असतील तर ८८ भागिले २३, म्हणजे ३.८. पैदाशीच्या दृष्टीने तुमचा २३ जनावरांचा कळप चार जनावरांइतकाही नाही. या आकड्याच्या दुपटीने १ ला भागले की पिढीगणिक वाढणारे नाते मिळते : १३ टक्के. बोकड दोन ठेवले तर तेच सातच्या आत येते. तुमच्यासारखे चार कळप एकत्र आले, चार बोकड आणि ८८ शेळ्या झाल्या, तर सव्वातीन टक्के. शेळ्या वाढवून हा आकडा फारसा हलत नाही, बोकड वाढवले की हलतो.

म्हणून दरवेळी बाजारातून अनोळखी बोकड आणण्यापेक्षा आसपासच्या तीन शेळीपालकांशी बोलून बोकडांची फेरी ठरवा. पहिल्या कळपातला निवडलेला नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा चौथ्याकडे, चौथ्याचा पहिल्याकडे. दिशा कधीही उलटवायची नाही. उलटवली की पाठीला तिचाच काका किंवा भाऊ लागतो आणि सगळी मांडणी फुकट जाते. दिशा तीच राहिली तर तुमच्या कळपाचे रक्त चार फेऱ्यांनंतर, तेही पातळ होऊन परत येते.

एका बोकडाचा मुक्काम दीड वर्षापेक्षा जास्त नको. जानेवारीत आलेल्या बोकडाच्या पहिल्या पाठी जूनमध्ये जन्मतात आणि पुढच्या जूनमध्ये माजावर येतात. त्याआधी तो पुढच्या कळपात गेलेला हवा. अदलाबदलीपूर्वी ब्रुसेलाची तपासणी आणि पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस झालेली असावी. नवा बोकड आल्यावर ३० दिवस वेगळा बांधा, त्याचे भांडे आणि चारा वेगळा ठेवा.

प्रश्न : या हंगामात ३१ करडे झाली, त्यांत १४ नर. एक नर पैदाशीला ठेवायचा आहे. सगळ्यांत मोठा दिसतो तोच ठेवावा का? रंग आणि कान किती पाहावेत? (भूम, जि. धाराशिव)

डोळ्यात भरणारा करडू बहुतेक वेळा एकटा जन्मलेला, सर्वांत आधी जन्मलेला आणि भरल्या कासेच्या पोक्त शेळीचा असतो. यातले काहीही तो पुढच्या पिढीला देत नाही. म्हणून वजन तोलायचे आणि ते वयाला जुळवून घ्यायचे. ९० दिवसांचे वजन असे काढा : आजच्या वजनातून जन्मवजन वजा करा, उरलेले वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा आणि जन्मवजन परत मिळवा.

एक नर ८२ दिवसांचा, वजन १०.४ किलो, जन्मवजन २.२. वाढ ८.२ किलो, म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम. ९० दिवसांचे वजन ११.२ किलो. दुसरा ९८ दिवसांचा, वजन १२.६, जन्मवजन २.८. त्याचीही वाढ दिवसाला १०० ग्रॅमच, वजन ११.८. गोठ्यात उभे केले तर दुसरा सव्वादोन किलोंनी मोठा दिसतो. कागदावर फरक ६०० ग्रॅमचा राहतो. त्यातही पहिला जुळ्यातला असेल, म्हणजे आईचे दूध वाटून पिऊन तो इतका वाढला असेल, तर आम्ही पहिलाच ठेवू. तुलना मात्र महिन्याभराच्या अंतरात जन्मलेल्या करडांचीच करा. जूनचे करडू आणि ऑक्टोबरचे करडू एका रांगेत बसत नाहीत.

मग आईकडे वळा. वर्षभरात तिने तोडलेल्या, म्हणजे दूध सुटलेल्या करडांचे एकूण वजन पाहा. ११.२ आणि १०.६ किलोची दोन करडे देणारी शेळी २१.८ किलो देते. साडेतेरा किलोचे एकच देखणे करडू देणारी तिच्या जवळपास येत नाही. एका वेताला जुळी झाली एवढ्यावर मात्र जाऊ नका. जुळ्यांचा गुण अनुवंशाने फार कमी उतरतो, साधारण दहा टक्के. बाकी सगळे शेळीच्या अंगावरचे मांस, वय आणि हंगाम यांवर असते. आईला सलग तीन वेतांत जुळी आणि आजीलाही तेच, अशी नोंद असेल तरच त्याला महत्त्व द्या.

वाढीचा गुण त्यापेक्षा बरा उतरतो, ३० टक्क्यांच्या आसपास. समजा सहा महिन्यांचे कळपाचे सरासरी वजन १४ किलो आहे. तुम्ही १८ किलोचा नर ठेवला, म्हणजे ४ किलो वरचढ. पाठी बऱ्याच ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्या सरासरी अर्धा किलोच वरचढ. दोघांची सरासरी सव्वादोन किलो, तिचे ३० टक्के म्हणजे पाऊण किलोला थोडे कमी. पुढच्या पिढीचे सरासरी वजन एवढे वाढेल, खुराक तोच ठेवून. आणि या वाढीतला जवळजवळ नऊ-दशांश वाटा त्या एका नराचा आहे.

कागदावर तीन-चार नर निवडले की मग हात लावून पाहा. नराला सपाट जागी उभा करून मागून दोन्ही अंड हातात घ्या. दोन्ही सारख्या आकाराची, घट्ट पण दगडासारखी नाहीत आणि पिशवीत मोकळी सरकणारी हवीत. एक वर चढलेले किंवा लहान असेल तर तो नर बाद. हा दोष मुलांत उतरतो. बोटांनी खाली चाचपल्यावर शेपटासारखा मऊ उंचवटा लागतो, तिथे गाठ नसावी. मग ओठ वर करा. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीवर बरोबर टेकले पाहिजेत. पुढे आलेले किंवा मागे राहिलेले चरताना झाडपाला नीट तोडू शकत नाहीत. शेवटी त्याला चालवा आणि मागच्या पायांचे सांधे पाहा. सरळ खांबासारखे पाय असलेला बोकड शेळीवर चढताना दोन वर्षांत थकतो.

रंगाचे म्हणाल तर उस्मानाबादी बहुतेक काळी असते, पण पांढऱ्या, तांबूस आणि ठिपकेदारही असतात. बाजारात काळ्याला मागणी आहे म्हणून दोन सारख्या नरांतला काळा ठेवायला हरकत नाही. रंगासाठी वजन आणि आई सोडून देणे मात्र जातीचेच नुकसान आहे.

निवडलेल्या नराला पहिल्या वर्षी १०-१५ शेळ्यांपेक्षा जास्त देऊ नका, पुढे २५-३० चालतील. वीर्य तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून त्याचा खुराक हंगामाआधी दोन महिने वाढवला तरच उपयोगी पडतो.

प्रश्न : दोन वर्षांत तीन वेत घ्यावेत असे सांगतात. तिसऱ्या वेताची करडे मरतात. काय चुकते? (सांगोला, जि. सोलापूर)

गणित बरोबर आहे : १५० दिवस गाभण आणि ९० दिवसांत पुन्हा लागवड, म्हणजे आठ महिन्यांचे वेत. पण महिने मांडून पाहा. मेच्या मध्यावर लावलेली शेळी ऑक्टोबरात विते, जानेवारीत पुन्हा लागते आणि जूनच्या मध्यावर विते, सप्टेंबरात लागून फेब्रुवारीत विते. तीनपैकी एक वेत पावसाच्या तोंडावर येणारच. ओली जमीन, गर्दी आणि गार वारा यांत करडांना न्यूमोनिया आणि रक्ती हगवण होते. जमिनीपासून उंच, फळ्यांच्या फटींची कोरडी खोली नसेल तर तीन वेतांचा हट्ट सोडा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी हेच वेत धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड टाळाच, कारण ती शेळी ऐन जुलै-ऑगस्टमध्ये विते.

दुसरे कारण शेळीच्या पाठीवर हात फिरवून कळते. मणक्याची टोके बोटांना टोचत असतील तर तिला लावू नका. अशा शेळ्यांना लागवडीआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम मक्याचा भरडा द्या. जुळ्यांचे प्रमाणही त्याने वाढते. आधीच भरलेल्या शेळीत त्याचा काही फायदा होत नाही, पैसेच जातात. पाठी पहिल्यांदा लावताना वय पाहण्यापेक्षा वजन पाहा, पोक्त शेळीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे २१-२२ किलो. आणि लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल पाजू नका, गर्भाला इजा होते.

प्रश्न : बोअर बोकड लावल्यावर करडे भराभर वाढली. आता सगळा कळप हळूहळू बोअरकडे न्यावा का? (राहुरी, जि. अहिल्यानगर)

पहिल्या संकराची करडे वाढतात ती दोन कारणांनी. एक, बोअर मुळातच मांसासाठी दक्षिण आफ्रिकेत घडवलेली मोठी जात आहे. दोन, दोन परक्या रक्तांच्या मिलनाने येणारा संकरजोम. हा जोम पहिल्या पिढीत पूर्ण असतो. संकरित नर संकरित मादीला लावला की त्यातला अर्धा जातो. बोअरचाच बोकड पुन्हा पुन्हा लावत गेलात तर चौथ्या पिढीला रक्त ९४ टक्के बोअर होते. तोवर जुळी देणारी, कमी चाऱ्यावर दूध टिकवणारी आणि दिवसभर माळावर चालणारी तुमची शेळी संपलेली असते. ती परत आणायला जागा नसते.

संकराची करडे फक्त विक्रीसाठी, नर आणि माद्या दोन्ही. त्यांतली एकही पाठ दिसायला कितीही छान असली तरी मागे ठेवू नका. मागे ठेवायच्या पाठी शुद्ध उस्मानाबादी किंवा संगमनेरी बोकडाच्याच हव्यात. किती शेळ्या शुद्ध लावाव्यात? वीस शेळ्यांत दरवर्षी चार बदलायच्या असतात. दहा शेळ्या शुद्ध लावल्या, दर शेळीमागे दीड करडू धरले तर १५ करडे, त्यांत सात-आठ पाठी, मरतूक वजा जाता सहा. सहातून चार निवडणे म्हणजे निवड जेमतेमच. म्हणून निम्म्यापेक्षा जास्त शेळ्या बोअरला देऊ नका, आणि ज्या द्याल त्या तुमच्या खालच्या प्रतीच्या द्या. उत्तम शेळ्या शुद्ध बोकडालाच. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे केले जाते.

पहिलारू पाठींना बोअर कधीही लावू नका. करडू मोठे आणि एकटे असले की अडते.

प्रश्न : पंढरपुरी म्हशीच्या दुधाची फॅट डेअरीत कधी ६, कधी साडेआठ लागते. काटा खोटा आहे का? कोणत्या म्हशीची पारडी ठेवावी, हे फॅटवरून ठरवता येते का? (करवीर, जि. कोल्हापूर)

आधी नमुना पाहा. पहिल्या धारांचे दूध पातळ असते, शेवटच्या धारांत फॅट कितीतरी जास्त असते. पारडाला पान्हा सोडण्यासाठी लावून मग अर्धवट पिळून पुन्हा पारडालाच सोडले, तर सर्वांत दाट दूध पारडाच्या पोटात जाते आणि बादलीत उरते ते सहाचे. पारडाला सुरुवातीला लावा, पान्हा येताच बाजूला घ्या, कास शेवटच्या धारेपर्यंत पिळा आणि पारडाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध मोजून पाजा. नमुना घेण्याआधी दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओता. वरवरून घेतलेल्या डावभर दुधाची फॅट नेहमी खोटी येते. दोन धारांमधले अंतर सारखे नसेल तरीही फरक पडतो. कमी तासांनी काढलेले दूध थोडे पण दाट असते.

म्हणून नोंद दोन्ही वेळची हवी. महिन्यातला एक दिवस ठरवा, समजा ५ तारीख. सकाळी ४.२ किलो दूध ६.८ फॅटचे, संध्याकाळी ३ किलो ८.२ चे. दोन्ही फॅटची नुसती सरासरी काढू नका. सकाळची फॅट २८६ ग्रॅम, संध्याकाळची २४६, एकूण ५३२ ग्रॅम, ७.२ किलो दुधात ती ७.४ टक्के होते. दोन नोंदींच्या सरासरीला मधल्या दिवसांनी गुणले की त्या काळाचे दूध निघते. ५ जूनला ६.२ आणि ५ जुलैला ५.८ किलो असेल, तर सरासरी ६ गुणिले ३० दिवस, १८० किलो. असे महिने जोडत वेत पूर्ण करा. रोज तोलायची गरज नाही, पण महिना चुकवू नका.

पारडी निवडताना टक्के पाहू नका, फॅटचे किलो पाहा. दूध कमी तर टक्के आपोआप वर जातात. ७.२ किलो दूध ७.४ फॅटने देणारी म्हैस दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त फॅट देते. ५ किलो दूध ८.६ ने देणारी ४३० ग्रॅमवर थांबते, जरी डेअरीच्या पावतीवर तिचा आकडा मोठा दिसतो. ज्या म्हशीच्या दोन-तीन वेतांची नोंद आहे आणि जी वेळेवर गाभण राहते, तिची पारडी ठेवा. तिला पंढरपुरीच्याच रेड्याचे वीर्य लावा. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर गर्दीत, पारडू जवळ नसतानाही पान्हा सोडणारी ही म्हैस आहे. हा स्वभाव मुऱ्हा जातीच्या रेड्याशी केलेल्या संकरात टिकेल, असे गृहीत धरू नका.

प्रश्न : गाईची ए-टू तपासणी करून घ्यावी का? (शिरूर, जि. पुणे)

दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी ए-टू प्रकारात प्रोलीन आणि ए-वन प्रकारात हिस्टिडीन असते. फरक एवढाच. आपल्या देशी गाईंत ए-टू प्रकारच मोठ्या प्रमाणावर असतो, म्हशी-शेळ्यांतही. दूध, फॅट किंवा गाभण राहणे यांचा या तपासणीशी संबंध नाही. गोठ्यात पूर्वी विदेशी संकर झाला असेल आणि दूध त्या नावाने विकायचे असेल तरच तपासा. एरवी तो खर्च दूध तोलायच्या काट्यावर करा.

प्रश्न : नऊ-दहा महिन्यांचे बोकड वाढवून ओळखीच्या ग्राहकांना मटण पुरवतो. कधी मटण मऊ, कधी चिवट आणि काळपट निघते, काहीजण वासाची तक्रार करतात. खच्ची करावे का? खच्ची केलेले दोन बोकड लघवी अडून मेले. (बार्शी, जि. सोलापूर)

तक्रारी तीन आहेत आणि कारणेही तीन वेगळी आहेत.

वास हा वयात आलेल्या नराचा, शिंगांमागच्या ग्रंथींचा आणि अंगावर लघवी उडवण्याच्या सवयीचा. आठ-नऊ महिन्यांच्या आत विकणार असाल तर खच्ची न केलेला नर जास्त वेगाने वाढतो आणि मांसात चरबी कमी असते. त्यांना माजाच्या शेळ्यांपासून आणि मोठ्या बोकडापासून दूर ठेवले तरी वास बराच कमी राहतो. कातडी काढताना केसांचा हात मांसाला लागू देऊ नका. बऱ्याचदा वास तिथूनच येतो. वर्षापुढे ठेवायचे असतील तर खच्ची करा.

खच्चीकरण फार लहानपणी केले तर मूत्रनलिका अरुंदच राहते. त्यात पुढे धान्याचा खुराक जास्त झाला, धान्यातल्या फॉस्फरसच्या प्रमाणात कॅल्शियम मिळाले नाही आणि पाणी कमी पडले की खडे बनतात आणि नलिकेच्या टोकाला अडकतात. तुमचे बोकड बहुधा असेच गेले. तीन महिन्यांच्या आधी करू नका. बर्डिझो चिमट्याने पशुवैद्यकाकडून, भूल देऊन करून घ्या. दोन्ही शिरा वेगवेगळ्या दाबायच्या, दोन दाब एका रेषेत येता कामा नयेत. आले तर पिशवीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. धनुर्वाताची लस आधी द्या. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असे खनिज मिश्रण, खडा मीठ आणि स्वच्छ पाणी चोवीस तास हवे. भरडा २०० ते ३०० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. शेळीची चरबी मांसाच्या धाग्यांत न साठता आधी पोटात आणि गुर्द्याभोवती साठते, त्यामुळे जादा धान्याने मटण चवदार होत नाही, आतडीच जड होतात. बोकड वारंवार कुंथताना दिसला, पोट आवळत असला, लघवीचे थेंबच पडत असले तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

काळपट आणि चिवट मटणाचे कारण कापण्याआधीच्या रात्रीत असते. जनावर पळवले, अनोळखी नरांत कोंडले, टेम्पोत उपाशी-तहानलेले उभे ठेवले, की स्नायूंतली साखर संपते. कापल्यावर त्या साखरेचे आम्ल बनून मांसाचा सामू सातावरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरायला हवा. साखरच नसेल तर तो सहाच्या वर अडतो. मांस गडद, कोरडे, चिकट राहते आणि लवकर खराब होते. बोकड आदल्या दिवशी आणा, त्याच्याच कळपातल्या सोबत्यांबरोबर सावलीत ठेवा, खाणे १२ तास बंद आणि पाणी मात्र सुरू. परवाना असलेल्या कत्तलखान्यातच न्या.

मऊपणा नंतरच्या हाताळणीवरही आहे. गरम मांस लगेच बर्फात टाकले तर धागे आखडतात आणि शिजूनही रबरासारखे लागतात. पहिले आठ-दहा तास १० अंशांच्या खाली नेऊ नका, मग ० ते ४ अंशांत एक दिवस टांगून ठेवा. ज्यांना ताजेच हवे त्यांना कापल्याबरोबर द्या आणि लगेच शिजवायला सांगा. मधल्या काही तासांत, स्नायू ताठरलेले असताना शिजवलेले मटण सर्वांत चिवट लागते. बोकडाला जंताचे किंवा प्रतिजैविकाचे औषध दिले असेल तर बाटलीवर लिहिलेले मांसासाठीचे दिवस मोजून संपल्याशिवाय कापू नका.

प्रश्न : देवणी गाय दिवसाला चार लिटर देते. कृत्रिम रेतनाला येणारे जर्सीची कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरायला सांगतात. देवणीची मागितली तर दोनदा उलटली. (उदगीर, जि. लातूर)

उलटण्याचे कारण बहुधा वेळेचे आहे. देशी गाईचा माज दहा-बारा तासांचाच असतो आणि अनेकदा रात्री सुरू होतो. पहाटे पाचला आणि रात्री दहाला गोठ्यात जाऊन पाहा : दुसरी गाय अंगावर चढू देते का, काचेसारखा सोट (चिकट स्राव) लोंबतो आहे का. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी बारानंतर उन्हातून आणलेली गाय लगेच भरू नका, सावलीत उभी करा.

कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रातून काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवून वितळवायची असते. खिशात किंवा तळहातात चोळून वितळवलेली असेल तर ती गेली. पाण्याचा थर्मास आणि थर्मामीटर तुम्हीच तयार ठेवा. कांडीवर जात, वळूचा क्रमांक, तारीख आणि केंद्राचे नाव छापलेले असते. भरण्याआधी वाचा आणि गाईच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासोबत वहीत उतरवा. पुढच्या वेळी तोच वळूक्रमांक तिच्या कालवडीला लागू नये, एवढ्यासाठी ही नोंद लागते.

देवणी दुधाची आणि कामाची अशी दुहेरी जात आहे. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे तिचे तीन प्रकार रंगावरून ओळखतात, दुधाशी त्यांचा संबंध लावू नका. वळूच्या आईचे वेताचे दूध विचारा आणि तुमच्या गाईपेक्षा जास्त असेल तोच घ्या. राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे दर दुसरा जन्मणारा गोऱ्हा वर्षानुवर्षे पोसावा लागतो. देवणीचा गोऱ्हा औताला खपतो. जर्सी संकराच्या गोऱ्ह्याला औताला फारसे कुणी विचारत नाही. दुधाचा हिशेब मांडताना त्याचा चारा वजा करा. देवणीच्या लिंगनिश्चित कांड्या मिळत असतील तर त्यांतून सुमारे ९० टक्के कालवडी होतात, मात्र गाभण राहण्याचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असते. म्हणून त्या कालवडींना आणि एकदाही न उलटलेल्या तरुण गाईंनाच वापरा. तुमच्या दोनदा उलटलेल्या गाईला या माजावर साधीच कांडी भरा, आणि तिसऱ्यांदा उलटली तर पुन्हा भरण्याआधी गर्भाशयाची तपासणी करून घ्या.